पाण्याच्या पार्कातील गिऱ्हाईक

वर्षातून एक दिवस दुकान बंद ठेवून घरच्यांना बाहेर नेण्याचा आमचा जुना रिवाज आहे. मुले लहान होती तेव्हा मुंबईचे नातेवाईक लाँचने गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेत. १९८९ साली सुरू झालेले ते पार्क २०२२ मध्ये बंद झाले. हडपसरहून आता खोपोलीचे इमॅजिका सोयीचे पडते. सकाळी निघावे, एक्स्प्रेस वे पकडावा, दुकानाचे टेन्शन घाट उतरेपर्यंत. तिथे आमच्या अम्मीपासून नातवापर्यंत सगळे आपापल्या कपड्यांत पाळण्यांत बसले, दिवस मजेत गेला.

नातवांनी पुढच्या सुट्टीत पाण्याच्या पार्काचा हट्ट धरला. गेल्या मे महिन्यात दुसऱ्या एका पार्कात गेलो. आम्ही व मुले पाण्यात, आणि बेगम, सून व धाकटी बहीण दिवसभर छत्रीखाली पिशव्या सांभाळत बसलेल्या. तिघींचे पूर्ण तिकीट आम्ही मोजले होते. सून एकदा म्हणाली, "अब्बा, पुढच्या वेळी आम्ही घरीच राहतो." ते वाक्य आमच्या मनातून जात नाही.

यात पार्कवाल्यांना दोष देण्यासारखे काही नाही. सुती सलवार, ओढणी, साडी घालून पाण्यात उतरू देत नाहीत, आणि कापडाचा धंदा करणाऱ्याला त्याचे कारण सांगावे लागू नये. सूत पाणी पिते, जड होते, अंगाला ओढते. ओढणीचे टोक घसरगुंडीच्या सांध्यात अडकले तर जिवावर बेतेल. सुताचा तंतू सुटून गाळणीत बसतो, कच्चा रंग पाण्यात उतरतो. म्हणून नायलॉन किंवा पॉलिस्टरचाच पोशाख हवा. पण भाड्याने मिळाला तो गुडघ्याच्या वरचा, तोही शेकडोंनी घातलेला. आमच्या शेजारच्या छत्रीखाली बार्शीकडच्या नऊवारीतल्या एक आजी होत्या, पलीकडे एक मारवाडी कुटुंब होते. त्यांच्या लेकीसुनाही काठावरच. तेव्हा हा फक्त आपल्या घरातला प्रश्न आहे असे समजू नये.

व्यापारी बंधूंनो, धंदा मंद आहे, मॉलने गिऱ्हाईक नेले, ऑनलाइनने उरलेसुरले नेले, हे रडगाणे आपण रोज गातो, आम्हीही गातो. आणि पैसे खिशात घेऊन आलेले गिऱ्हाईक वस्तू मिळत नाही म्हणून काठावर बसते, ते आपल्याला दिसत नाही.

ज्याला दिसले त्याने काय केले पाहा. ऑस्ट्रेलियात अहेदा झनेटी नावाच्या लेबनॉनमध्ये जन्मलेल्या बाईंनी भाचीला हिजाब घालून नेटबॉल खेळताना अवघडलेले पाहिले. त्यातून २००४ च्या सुमारास त्यांनी डोक्यापासून घोट्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख काढला, बुर्किनी हे नाव नोंदवून घेतले आणि माल जगभर विकला. आपल्याजवळचेच उदाहरण हवे तर संगमनेरच्या मालपाणींचे घ्या. गाय छाप जर्द्याचे हे घराणे पार्काच्या धंद्यात उतरले आणि २०२२ साली कर्जात अडकलेले इमॅजिकाच ताब्यात घेतले. आपल्याला पार्क काढायचे नाही. पार्कात जाणाऱ्याचे कपडे शिवायचे आहेत.

आणि गिऱ्हाईक खोपोलीलाच आहे असेही नाही. मगरपट्टा, अमानोरा आपल्या दारात आहेत. सोसायट्यांत पोहण्याचे तलाव आहेत, तिथेही हाच नियम असतो. पूर्ण अंगाचा, सैल अंगरख्याचा, डोके झाकायचे की नाही ते घालणारीवर सोडणारा पोशाख शिवला तर तो आजीपासून नातीपर्यंत चालेल.

आता कामाचे बोलू. आम्ही सय्यदनगरातील ओळखीच्या एका कारागिराकडून नमुना शिवून घेतला. पहिला धडा मशीनचा. ताणणारे कापड साध्या मशीनवर शिवले की अंग ताणताच टाका तुटतो. ओव्हरलॉक व फ्लॅटलॉक लागते. ज्याने टी-शर्टचे काम केले आहे त्याला हे नवे नाही, इतरांना शिकावे लागेल. दुसरा धडा कापडाचा. दलालाने गळ्यात मारले ते नायलॉन-लायक्रा हाताला फार मऊ, पण क्लोरीनच्या पाण्यात आठवडाभर भिजवले तर खांद्याचा रंग उडाला आणि लवचीकपणा गेला. क्लोरीनला पॉलिस्टर जास्त टिकते. माल स्वस्तात काढायच्या नादात हे विसरणारा दुकानदार एकाच सीझनचा धनी ठरेल.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. ईद चांद्र हिशेबाने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२५ मध्ये ती मार्चअखेरीस आली होती. ईदपर्यंत कारागिराला मान वर करायला फुरसत नसते आणि ईदनंतर हात रिकामे. आपली मंदी सुरू होते तेव्हाच शाळांना सुट्टी लागते आणि पार्कांचा सीझन सुरू होतो. कापड मात्र रमजानच्या आधीच भरून ठेवावे लागेल, आणि त्यात पैसा अडकेल. एकट्याने न अडकवता चार दुकानदारांनी मिळून एक गाठ उचलली तर जोखीम वाटली जाईल. आम्ही दोघांशी बोललो. एकाने हसून विषय बदलला, दुसऱ्याने नमुना घरी नेला आणि अजून परत आणलेला नाही. त्याच्या मुलीला तो आवडला म्हणे.

पॉलिस्टरचा दुसरा नमुना सध्या आमच्या गच्चीवर वाळत आहे. सुनेने बाही दोन बोटे लांब करायला सांगितली आहे.