पार्श्वगायन नको, गायन हवे
— बी. ए. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी

'पार्श्वगायन' हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो की त्याच्या अर्थाकडे कुणाचे लक्षच जात नाही. पार्श्व म्हणजे मागचे, आडचे. गाणारी आड उभी, आणि लोकांसमोर ओठ हलविणारी दुसरीच! चित्रपटात हे चालते, कारण तो त्या धंद्याचा रिवाजच आहे. परंतु हाच रिवाज आपण आपल्या महाविद्यालयात आणि घरातही पाळतो, असे माझे मत आहे. हे मत मांडण्यासाठी मी एका जुन्या ध्वनिमुद्रिकेचा आधार घेणार आहे. तिचे नाव 'डिस्को दीवाने', साल १९८१, गायिका नाझिया हसन.

नाव वाचूनच काही गुरुजनांच्या कपाळाला आठ्या पडतील. डिस्को आणि वार्षिक अंकात? पण मित्रहो, थोडे थांबावे आणि मग निवाडा करावा.

नाझियाचा जन्म १९६५ साली कराचीत झाला, आणि ती वाढली लंडनमध्ये. १९८० साली फिरोज खान यांचा 'कुर्बानी' हा चित्रपट आला. त्याचे संगीत कल्याणजी-आनंदजी यांचे होते, पण त्यातले एक गाणे बिद्दू या मूळच्या बंगळूरच्या संगीतकाराने केले होते. ते नाझियाने गायिले. वय वर्षे पंधरा! पडद्यावर मात्र दिसली झीनत अमान. त्या गाण्यासाठी नाझियाला १९८१ साली फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले. म्हणजे पहिल्या पावलाला तीही पार्श्वगायिकाच होती.

दुसरे पाऊल वेगळे पडले. 'डिस्को दीवाने' ही चित्रपटाची तबकडी नव्हे. तिच्यात कथा नाही, नायिका नाही. संगीत बिद्दूचेच, सोबतीला धाकटा भाऊ झोहेब. पण आवाज नाझियाचा, नाव नाझियाचे आणि लोकांसमोर चेहराही तिचाच. ज्या काळात आपल्याकडे लोकप्रिय गाणे म्हणजे चित्रपटाचेच गाणे असे समीकरण होते, त्या काळात एका सोळा वर्षांच्या मुलीने उसन्या चेहऱ्याशिवाय गाऊन घरोघर ऐकले जावे, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आमच्या वर्गातील एका उर्दू बोलणाऱ्या मैत्रिणीमुळे मी ही गाणी मोबाईलवर ओळीने ऐकली. नाचायची गाणी तर आहेतच, पण मला थांबविले ते संथ गाण्यांनी. आवाज बारीक नाही, किंचित अनुनासिक आहे. ताना नाहीत, हरकती नाहीत. शेजारी बसून कुणी मनातले सांगावे तसे शब्द येतात. गाण्याची तयारी म्हणून गुण द्यायचे झाले तर आमच्या स्पर्धेचे परीक्षक तिला पहिल्याच फेरीत घरी पाठवतील. तरीही त्या आवाजात एक उदासी आहे, आणि ती शिकवून येत नाही. गाणारीला स्वतःचे काही सांगायचे आहे, एवढे मात्र ऐकताक्षणीच कळते.

आता कुणी म्हणेल, 'ती श्रीमंतांची लेक, लंडनमध्ये वाढलेली. तिचे कौतुक आम्हा कोरडवाहू शेतकऱ्यांच्या पोरींना काय कामाचे?' आक्षेप रास्त आहे. म्हणून मी घरचेच उदाहरण घेते. १९४९ साली 'महल' चित्रपट आला, आणि त्यातल्या लता मंगेशकर यांच्या गाण्याने देश वेडा झाला. परंतु त्या गाण्याच्या तबकडीवर गायिका म्हणून सुरुवातीला नाव छापले होते 'कामिनी'! कामिनी हे मधुबालाने रंगविलेल्या पात्राचे नाव. वडील गेल्यावर तेराव्या वर्षी घर चालवायला निघालेल्या मराठी मुलीचा आवाज सर्वांना हवा होता, पण तिचे नाव छापण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी पारितोषिक ठेवले ते १९५९ साली, लताबाईंनी तसा आग्रह धरल्यानंतर. ते पहिले पारितोषिक लताबाईंनाच मिळाले, आणि पुढे त्याच मालिकेतले पारितोषिक नाझियाला. लताबाईंनी नाव मिळविले म्हणून नाझियाला चेहरा मिळविणे सोपे गेले, असे मी मानते.

त्याहून जवळचे उदाहरण आपल्या आज्यांचे. जात्यावर बसलेली बाई स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या सुरात, स्वतःच्या भावाबद्दल आणि सासरबद्दल गात असे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी ऐंशीच्या दशकापासून खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणाऱ्या बायांची व गावांची नावेही लिहून ठेवली. त्यात आपल्या मराठवाड्यातले माजलगावही आहे. म्हणजे स्वतःचे गाणे स्वतः गाणे ही काही परदेशातून आलेली चाल नव्हे. फरक एवढाच की जात्यासमोर ऐकायला घरातल्याच बाया असत. चार लोकांसमोर तीच बाई गाऊ लागली की अडचण सुरू होते.

ती अडचण आजही तशीच आहे. मी अहमदपूरकडच्या एका खेड्यातली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अकरावी-बारावी लातूरला केली, आता नांदेडला आहे. दोन्हीकडची स्नेहसंमेलने पाहिली. ईशस्तवनाला मुली हव्या असतात, समूहगीताला हव्या असतात, नाटकाला पडद्याआडून आवाज द्यायलाही हव्या असतात. एकटीने पुढे येऊन गाण्यासाठी मात्र नावे येत नाहीत. का येत नाहीत? माझ्या वडिलांनी मला सांगितले, "गाणं म्हन की, पर मागं हुभारून म्हन. समदं मोबाईलवर फिरतंय गावात." वडिलांना माझ्या गाण्याचा राग नाही. त्यांना भीती आहे ती चार सेकंदांच्या तुकड्याची, आणि त्याखाली लिहिल्या जाणाऱ्या शेऱ्यांची. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. शेरे लिहिणारे हात कुठून येतात हे आपण सारे जाणतो. आपल्याच बाकांवरून!

नाझियालाही हे चुकले नव्हते. झिया-उल-हक यांच्या राजवटीत पाकिस्तानच्या टीव्हीवर तिला कमरेच्या वरच दाखवावे असा दंडक होता, असे सांगतात. तरी ती गात राहिली, शिकत राहिली. पुढे तिने संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीही केली. १३ ऑगस्ट २००० रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने ती गेली. २०१२ साली 'स्टुडंट ऑफ द इयर' या चित्रपटात तिचे गाणे नव्या साजात आले, आणि पडद्यावर पुन्हा दुसरेच चेहरे नाचले! आमच्या पिढीतल्या पुष्कळांना ते गाणे पाठ आहे, पण मूळची गायिका कोण हे विचारले तर उत्तर येत नाही.

म्हणून स्नेहसंमेलन समितीला माझी विनंती आहे. पुढील वर्षी मुलींच्या एकल गायनाचा कार्यक्रम ठेवावा. त्यात भावगीत, ओवी, गझल, पॉप असा भेद नसावा. त्या तासाला प्रेक्षकांचे मोबाईल दाराबाहेर जमा व्हावेत, आणि चित्रण करायचेच असेल तर ते विद्यार्थिनींनीच करावे व गाणारीच्या हवाली करावे. निवेदकाने प्रत्येकीचे पूर्ण नाव आणि गाव पुकारावे. एवढी हमी मिळाली तर माझ्या वडिलांना पहिल्या रांगेत बसवून आणण्याची जबाबदारी माझी. त्या यादीत पहिले नाव माझे लिहावे.