चेहरा धुवायचा, रंग नव्हे

दात घासायला आपण मुलांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच शिकवतो. जेवणापूर्वी हात धुणे, नखे कापणे हे धडे शाळेची पायरी चढण्यापूर्वी गिरवून झालेले असतात. परंतु चेहऱ्याच्या आणि एकूणच त्वचेच्या निगेचा धडा कोणी, केव्हा आणि कसा द्यायचा, याचा विचार आपल्या घरांतून क्वचितच होतो. मूल दहा-अकरा वर्षांचे होते, कपाळावर पहिली पुटकुळी उठते आणि मग एकदम सर्वांना सल्ले सुचू लागतात. आजी म्हणते डाळीचे पीठ लाव, मावशी म्हणते लिंबू चोळ, शेजारच्या काकू टूथपेस्ट सुचवतात आणि मोबाइलच्या पडद्यावरची एखादी हसरी मुलगी सात बाटल्यांची नावे सांगून मोकळी होते. या गलबल्यात मूल निगा शिकत नाही. शिकते ती लाज.

महाविद्यालयाच्या वार्षिकांकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आपण बहुतेक जण घरात कोणाचे तरी ताई किंवा दादा आहोत. या वयात धाकट्या भावंडांना आईवडिलांपेक्षा आपले म्हणणे लवकर पटते. शिवाय आपल्यापैकी कित्येक जण उद्या शिक्षक होतील, पालक तर होतीलच. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. मुलींमध्ये साधारणतः ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात शरीर बदलू लागते. संप्रेरकांमुळे त्वचेखालील तैलग्रंथी अधिक तेल स्रवतात, त्वचेची छिद्रे बुजतात, त्यांत जंतू वाढतात आणि मुरुमे येतात. यात मुलाचा दोष कोणता? नाकावरच्या काळ्या ठिपक्यांना आपण मळ समजून खसाखसा घासतो. पण तो काळेपणा मळाचा नसून छिद्रात साठलेला पदार्थ हवेच्या संपर्काने काळा पडल्याचा असतो. घासून तो जात नाही, कातडी मात्र सोलवटते. ‘तोंड नीट धुत नाहीस म्हणून पुटकुळ्या येतात’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे, आणि मुलाच्या मनाला लागणारे आहे.

मग शिकवायचे तरी काय? फार थोडे. सकाळी आणि रात्री, तसेच खेळून घामाघूम होऊन आल्यावर, कोमट किंवा साध्या पाण्याने हलक्या हाताने चेहरा धुणे. साबण वापरायचाच तर सौम्य. कारण आपले नेहमीचे साबण क्षारधर्मी असतात, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून दिवसातून पाच वेळा साबण लावणारे मूल त्वचेचे भलेपेक्षा वाईटच अधिक करते. चेहरा पुसायचा तो टिपून, आणि स्वतःच्या टॉवेलने. थंडीत हातपाय उलतात, तेव्हा आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच साधे, वास नसलेले मलम लावावे. अंगाला खोबरेल तेल उत्तम, पण मुरुमे येणाऱ्या चेहऱ्यावर ते टाळलेले बरे. उन्हात मैदानावर जाताना टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सदरा. जमल्यास ३० किंवा त्याहून अधिक क्षमतेचे उन्हापासून बचाव करणारे मलम. उशीचा अभ्रा आठवड्याला धुवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, पुटकुळी फोडू नये. फोडलेली पुटकुळी डाग ठेवून जाते. मुरुमे मोठी, दुखरी असतील, किंवा खाज, चट्टे हटत नसतील, तर डॉक्टरांकडे जावे. एवढेच. सगळे मिळून पाच मिनिटांचे काम, आणि खर्च म्हणाल तर एका चित्रपटाच्या तिकिटाहून फारसा अधिक नाही.

दिवाळीच्या पहाटे आपण उटणे लावतो, तेल चोळतो. त्या सुगंधी पहाटेची गोडी कोणी कमी करू नये. पण वर्षातून चार दिवसांचा सोहळा वेगळा आणि रोजची सवय वेगळी. ‘नैसर्गिक ते निर्धोक’ हाही एक भाबडा समज आहे. चेहऱ्यावर लिंबू चोळून उन्हात गेलेल्या मुलाची त्वचा पोळल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. लिंबू नैसर्गिकच असते ना!

दुसऱ्या टोकाला बाजार उभा आहे. सुरकुत्या घालवण्यासाठी चाळिशीतल्या माणसांकरिता केलेली तीव्र द्रव्ये आज अकरा-बारा वर्षांच्या मुली चेहऱ्याला लावू लागल्या आहेत. ज्या चेहऱ्यावर अजून एक रेघ नाही, त्यावरची सुरकुती घालवायची कशी? २०२४ साली स्वीडनमधील औषधदुकानांच्या एका मोठ्या साखळीने १५ वर्षांखालील मुलांना अशी काही प्रसाधने विकण्यावर बंधन घातले. दुकानदाराला जे उमजले, ते पालकांना उमजू नये काय?

आपल्याकडचा धोका याहून गंभीर आहे. गावोगावच्या औषधदुकानांतून ‘चेहरा उजळतो’ म्हणून स्टेरॉइड असलेली मलमे सर्रास नेली जातात. पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखरच तुकतुकीत दिसतो. पुढे कातडी पातळ होते, लाल पडते, मुरुमे उसळतात आणि मलम थांबवताच आग आग होते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. पण चिठ्ठी मागणारा दुकानदार शोधूनच काढावा लागतो. काही गोरेपणाच्या मलमांत तर पारा सापडला आहे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले गेले. त्यांपैकी १५ जणांत एकाच प्रकारची खूण आढळली आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाचे मलम वापरल्याचे सांगितले. गोऱ्या गालाची किंमत मूत्रपिंडाने मोजायची!

आणि येथेच आपण मूळ दुखण्यापाशी येतो. आमच्या श्रमसंस्कार शिबिरात गावच्या शाळेतील मुलामुलींशी स्वच्छतेविषयी बोलण्याचे काम आम्हा चौघींकडे होते. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, असे सांगितले. सहावीतल्या एका मुलीची चिठ्ठी होती: ‘ताई, रोज तोंड धुतलं तर मी गोरी होईन का?’ त्या एका ओळीत आपल्या समाजाचे सारे चित्र आहे. त्या मुलीला कोणीतरी तोंड धुवायला शिकवले होते, पण कशासाठी धुवायचे ते चुकीचे शिकवले होते.

गोरेपणाचे ते सुप्रसिद्ध मलम आपल्या देशात १९७५ साली आले. २०२० साली त्याच्या नावातून ‘गोरे’ या अर्थाचा शब्द गेला. नाव बदलले, पण मन? बाळंतिणीच्या खोलीत पहिला प्रश्न मुलगा की मुलगी आणि दुसरा प्रश्न रंगाचा, हे अजून थांबलेले नाही. आषाढीला सावळ्या विठ्ठलापुढे लोटांगण घालणारे आपण, घरातल्या सावळ्या लेकीला मात्र हळद-साय लावायला बसवतो. ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

मुलगे यातून सुटले आहेत असेही नाही. त्यांच्याकडे तर कोणी लक्षच देत नाही. ‘पोरगा आहे, त्याला काय करायचंय तोंडाचं’ म्हणून सोडून दिलेला मुलगा मित्राच्या टॉवेलने तोंड पुसतो, गजकर्ण घरी आणतो आणि तेच स्टेरॉइडचे मलम लावून ते अधिक पसरवतो. त्वचेची निगा हा नट्टापट्टा नसून आरोग्य आहे, हे मुलांनाही तितकेच सांगायला हवे.

‘आमच्या लहानपणी हे काही नव्हते, तरी आम्ही वाढलोच ना?’ असा आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. तो अगदीच निराधार नाही. त्या पिढीला सात बाटल्या लागल्या नाहीत, हे खरेच. परंतु त्या पिढीच्या मुलाच्या हातात दिवसभर जाहिरात दाखवणारा पडदाही नव्हता. आज आपण गप्प राहिलो, तर मूल अज्ञानी राहत नाही. ते बाजाराकडून शिकते. म्हणून बोलायचे ते आपणच, आणि पुटकुळी येण्यापूर्वी.

तेव्हा या सुट्टीत घरी जाल, तेव्हा धाकट्या बहिणीला वा भावाला त्याचा स्वतःचा एक टॉवेल द्या, रात्री निजण्यापूर्वी आपल्याबरोबर मोरीत उभे करा आणि तोंड धुवायला लावा. त्याच्या रंगाविषयी चकार शब्द काढू नका. आणि घरात दुसऱ्या कोणी काढलाच, तर तेथल्या तेथे त्याला अडवा.