मगरी, गाळ आणि तीन विद्यापीठे

महाड शहराला लागून वाहणाऱ्या सावित्रीत मगरी आहेत, असे सांगितले की मुंबई-पुण्याचा पाहुणा आधी हसतो आणि मग नदीवर नेण्याचा हट्ट धरतो. मी अशा बऱ्याच पाहुण्यांना नेले आहे. हिवाळ्यातल्या उन्हात, पाण्याबाहेर आलेल्या गाळाच्या उंचवट्यांवर त्या ओंडक्यांसारख्या पडलेल्या असतात. २०२३ साली ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात याच मगरींवर एक शोधनिबंध आला. काठावर टाकलेल्या हारांतली झेंडूची फुले जिथे तरंगतात, तिथे या मगरी रेंगाळताना दिसल्या, अशी त्यात नोंद आहे. दूषित पाण्यात झेंडूतील जंतुनाशक द्रव्यांचा त्यांच्या कातडीला उपयोग होत असावा, हा अभ्यासकांचा तर्क. तर्कच तो, पण आपल्या सांडपाण्यावर इतका बोलका अभिप्राय मी दुसरीकडे वाचलेला नाही.

मगरींचे हे उंचवटे महाडकरांना मात्र नकोसे झाले आहेत, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. जुलै २०२१ च्या पुरात शहर बुडाले. त्याच पावसात तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही डोंगर खाली आला. पुढे गाळ काढण्यासाठी नदीत यंत्रे उतरली. ज्याच्या दुकानात छातीइतका चिखल होता, त्याला मगरीच्या विश्रांतीचे महत्त्व सांगायला मी जाणार नाही.

अडचण आहे ती वेळेची. गाळ काढायचा तो पाणी आटल्यावर, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या चार महिन्यांत. मगर काठाच्या उतारात खड्डा करून अंडी घालते तीही याच दिवसांत, आणि पिल्ले निघतात ती पावसाच्या तोंडावर. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मगरीला वाघाच्याच पंक्तीला बसवले आहे. पण पोकलेनच्या चालकाला घरटे कुठे आहे हे कोणी दाखवलेच नाही, तर कायद्याने काय करावे? शिवाय काठ मोडले म्हणून मगर गाव सोडून जाईल, असे थोडेच आहे? बडोद्यात ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत आल्या, हे आपण पाहिले.

नदी कुठे, किती खोल केली म्हणजे पूर किती उतरेल, हे गणित अभियंत्याचे. घरटी शोधणे प्राणिशास्त्रज्ञाचे काम. आणि गाळ मुळात येतो कुठून, हे वनशास्त्राने सांगायचे. सावित्री महाबळेश्वरहून पोलादपुरात उतरते. तिथल्या उतारांवरची माती महाडला येऊन साचते. म्हणजे महाडच्या पुराचा विचार पोलादपूरच्या डोंगरावरून सुरू व्हायला हवा.

ही तिन्ही शास्त्रे कोकणातच शिकवली जातात. लोणेऱ्याचे तंत्रशास्त्र विद्यापीठ महाडहून हाकेच्या अंतरावर आहे. महाड आणि पोलादपूरची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे तर वनशास्त्राचे स्वतंत्र महाविद्यालय आहे. या तिघांनी मिळून पोलादपूर ते दासगाव एवढ्या नदीचा एकच नकाशा करावा, असे मला वाटते: त्यावर पात्राची खोली, घरटी आणि झिजणारे उतार, तिन्ही असावेत. त्याला परदेशी निधी लागत नाही. लागतात ती पायपीट करणारी मुले, आणि ती इथे भरपूर आहेत. मात्र अभियांत्रिकीच्या मुलाला घरटी मोजल्याचे गुण मिळाले पाहिजेत. नाहीतर दोन रविवारांनंतर कोणी फिरकणार नाही. एका संस्थेतले श्रेयांक दुसरीत धरण्याची वाट २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मोकळी केली आहे. ती या नदीच्या कामी लावायला कोणाची हरकत असावी?

पोलादपूरच्या मुलांनी पहिल्या पावसापासून ओढ्यांतून येणारी माती मोजायला घ्यावी, महाडच्या मुलांनी काठ पाहावेत. डिसेंबरात नकाशा तयार झाला, तर यंत्रे कुठल्या वळणावर उतरवायची आणि कुठला काठ जूनपर्यंत राखायचा, हे नगरपालिकेला जानेवारीतच ठरवता येईल.