कानाला जात असते



१९८२ साली मुंबईत एक रेकॉर्ड निघाली : ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. करणारा चरणजित सिंग. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवून पोट भरणारा माणूस. त्यानं रोलंड कंपनीची तीन जपानी यंत्रं जोडली : ज्युपिटर-८, ८०८ आणि ३०३. आणि त्यांच्यावर भैरव, ललत, मालकंस वाजवला. तबला नाही, तंबोरा नाही. रेकॉर्ड पडून राहिली. ना मैफलीत शिरली, ना मांडवात.

२०१० साली ती परदेशातून पुन्हा निघाली. तिकडचे समीक्षक चाट पडले. शिकागोच्या पोरांनी १९८७ साली ‘अ‍ॅसिड’ म्हणून जे काढलं, तसलं हा बाबा पाच वर्षं आधी वाजवून बसलाय! मग आपल्याकडच्यांनाही ऐकू यायला लागलं. सिंग तोवर म्हातारा झाला होता. २०१५ साली गेला.

ती शिकागोची पोरं काळी होती. ३०३ बाजारात चाललं नाही, कंपनीनं बंद केलं, जुन्या मालात स्वस्तात मिळायला लागलं. त्या टाकलेल्या डब्यातून त्यांनी नवं संगीत काढलं.

आता आपल्या सांगली-साताऱ्याकडं या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, त्या कारागिरांच्या हातांना सलाम. पण हलगीचं काय? मेल्या ढोराचं कातडं ज्यांनी कमावलं, ताणलं, तापवलं, गावापुढं वाजवलं, त्यांच्या पदरात शिळी भाकरी आणि शिवी. आज वस्तीतलं पोरगं तोच हलगीचा ठेका कॉम्प्युटरात घालतं, तोडतं, उलटा फिरवतं, खाली बेस भरतं आणि १४ एप्रिलला डॉल्बीवर सोडतं. यंत्राला जात नाही, कातडं नाही. तरी ऐकणारा नाक मुरडतो : गोंगाट! यंत्राला नसली तरी कानाला जात असते, दोस्तहो. त्या पोरानं तालाचं काय केलं, यावर परिच्छेदभर लिहायला कुणाला सवड नाही.

हे झालं त्यांचं. आता आपलं.

डॉल्बीच्या भिंतीपुढं छाती हादरते. घरात बाळंतीण असते, दम्याची म्हातारी असते. तीही आपलीच. २००० सालच्या नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. कारखान्यात कामगाराच्या कानाला आठ तास ९० चालतात! मी गोदीत काम करतो. विंचचा, साखळदंडांचा आवाज कानात घेऊनच घरी येतो. त्याला कुणी गोंगाट म्हणत नाही, कारण त्यातून नफा निघतो. हा दुटप्पीपणा खरा. पण म्हणून आपणच आपल्या माणसांचे कान फोडायचे काय?

आणि शब्द? वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून शब्दानं माणूस उठवला. आपल्या मिरवणुकीत बेसखाली बाबासाहेबांचं फक्त नाव ऐकू येतं, म्हणणं बुडून जातं. आवाज वाढवणं म्हंजे आवाज उठवणं न्हवं.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. आपल्या पोरांच्या संगीताची पहिली समीक्षा आपणच लिहायची. लाड न करता, नाक न मुरडता. ठेका कुठून आला, कुठल्या यंत्रावर बांधला, कुठं जमला, शब्द कुठं मेला, सगळं लिहायचं. याच सांगली जिल्ह्यातल्या नांद्रे गावच्या राजा ढालेंनी ‘सत्यकथे’च्या दारात ताटकळत बसण्यापेक्षा स्वतःची अनियतकालिकं काढली. संगीताचं तसंच करू. ही पानं त्यासाठी मोकळी आहेत.

सिंगची रेकॉर्ड ऐकली जायला अठ्ठावीस वर्षं लागली, तीही परक्यांच्या कानानं. आपल्या पोरानं तितकं का थांबावं? चला, ऐकायला बसा. आणि ऐकलं ते लिहा.