‘संशोधनात सिद्ध झालंय’, पण कुठल्या?

‘अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध झालंय’ या शब्दांनी सुरू होणारा मेसेज आपल्या खानदानाच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी येतोच. कलौंजीनं शुगर कायमची जाते, अमुक लस दिली की मुलाला तमुक होतं. पाठवणारे मामू किंवा खालाजान आपल्या भल्यासाठीच पाठवतात, त्यांच्या नियतीबद्दल शंका नाही. पण ते संशोधन कुणी केलं, कुठं छापलं, किती माणसांवर केलं, याचा पत्ता त्यात नसतो. या महिन्यात लिहायचं आहे ते हा पत्ता शोधून देणाऱ्या एका कुतुबखान्याविषयी.

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा इथं ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ आहे. १८३६ मध्ये सैन्याच्या सर्जन जनरलच्या कचेरीतल्या थोड्या पुस्तकांपासून ती सुरू झाली. १८६५ साली जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी डॉक्टरकडे तिची जबाबदारी आली. पुस्तकं त्यांनी भरपूर गोळा केली, पण त्यांचं मोठं काम वेगळंच. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय काय छापून आलं, याची विषयवार यादी त्यांनी १८७९ पासून दर महिन्याला काढायला सुरुवात केली. तिचं नाव ‘इंडेक्स मेडिकस’. दूर गावातल्या डॉक्टरला आपल्या रोग्याच्या आजारावर कुणी काय लिहिलंय, हे त्या यादीत सापडू लागलं. पुस्तकं सांभाळणं तर कपाटालाही जमतं. हवं ते हवं तेव्हा सापडवून देणं, हे लायब्ररीचं काम.

हीच यादी पुढं संगणकावर गेली आणि १९९७ मध्ये ‘पबमेड’ या नावानं इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत झाली. आज तिच्यात साडेतीन कोटींहून जास्त लेखांची नोंद आहे. बहुतेक नोंदींत लेखाचा सारांश मिळतो. पूर्ण लेख वाचायला मात्र पूर्वी नियतकालिकाला पैसे भरावे लागत, आणि ती रक्कम आपल्यासारख्यांना झेपणारी नव्हती. म्हणून लायब्ररीनं २००० साली ‘पबमेड सेंट्रल’ सुरू केलं. तिथं पूर्ण लेख मोफत वाचता येतात. २००८ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे तिथल्या जनतेच्या, पैशानं झालेल्या संशोधनाचे लेख तिथं ठेवणं बंधनकारक आहे. ज्यांच्या करातून संशोधन झालं त्यांनाच ते वाचायला पुन्हा पैसे का पडावेत, हा साधा हिशोब. त्याचा फायदा सोलापूर-मालेगावात बसून अभ्यास करणाऱ्या मुलामुलींनाही होतो.

या लायब्ररीचं एक काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते म्हणजे मागे घेतलेल्या लेखावर तसा शिक्का मारणं.

२०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या राज्यात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस द्यायला सुरुवात झाली, तेव्हा काही आई-बापांनी त्या दिवशी मुलांना घरीच ठेवलं. कुणाला पुढं मूल होणार नाही ही भीती, तर कुणाच्या मोबाइलवर गोवरच्या लसीनं ऑटिझम होतो असा मेसेज. या दुसऱ्या अफवेचा उगम सापडतो. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि इतर डॉक्टरांचा एक लेख ‘लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकात आला. तो होता फक्त १२ मुलांवर. पुढं मोठमोठ्या अभ्यासांत लस आणि ऑटिझमचा काहीही संबंध आढळला नाही, त्या लेखातली गडबड उघड झाली आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’नं तो मागे घेतला. त्याच वर्षी वेकफील्डचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या यादीतून काढलं गेलं. आज पबमेडवर तो लेख उघडलात तर हा लेख मागे घेतला आहे, अशी ठळक सूचना आधी दिसते. लायब्ररीनं लेख फाडून टाकला नाही, नोंद पुसली नाही; जे झालं ते त्याच्या कपाळावर लिहून ठेवलं. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला असं कपाळ नसतं. तो मात्र अजून फिरतोय. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवरची साथ आली, लेकरं दगावली. त्यांत लस न घेतलेली मुलं होती.

याच लायब्ररीत आपल्याला ओळखीची एक चीज आहे. तिथला सर्वात जुना ग्रंथ म्हणजे अबू बक्र अर-राझी यांच्या ‘अल-हावी’ची १०९४ साली उतरवलेली अरबी प्रत. ‘अल-हावी’त राझी दुसऱ्या हकिमाचं मत देताना त्याचं नाव लिहितात आणि स्वतःचा अनुभव सांगताना ‘माझं’ अशी वेगळी खूण करतात. हजार वर्षांपूर्वीचा माणूस कुणी काय म्हटलं ते नावानिशी लिहून गेला, आणि आपण ‘फॉरवर्डेड’ लिहिलेलं पुढं ढकलतो!

आता थोडं व्यवहाराचं. लेख पबमेडवर आहे म्हणजे त्यातलं खरंच आहे असं नाही. लायब्ररी स्वतःच तसं सांगते. कलौंजीचंच बघा. तिच्यावर पुष्कळ लेख सापडतील. पण त्यांतले बरेच उंदरांवरचे किंवा काचेच्या नळीतल्या पेशींवरचे, आणि माणसांवरचे केले ते बहुधा थोड्या लोकांवर. तेवढ्यावर अब्बांची शुगरची गोळी बंद करायची नसते. ती डॉक्टरांना विचारूनच.

इंग्रजी लेख डोक्यावरून जात असतील तर याच लायब्ररीचं ‘मेडलाइनप्लस’ बघा. ते सामान्य घरांसाठी आहे, भाषा सोपी आणि जाहिरात एकही नाही. मुख्य मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये आहे, पण इतर भाषांच्या विभागात उर्दू आणि हिंदीतली पत्रकंही मिळतात. उर्दू वाचणाऱ्या दादीजानला ती नातीकडून मोबाइलवर उघडून घेता येतील. अक्षर बारीक वाटलं तर दोन बोटांनी मोठं करायचं.