'काळच तसा होता' ही सबब

तलवारीच्या धाकाने झालेल्या धर्मांतरांचा विषय निघाला, गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचे नाव कोणी घेतले, की आम्ही ख्रिस्ती लोक एक ठरावीक उत्तर देतो : 'काळच तसा होता.' त्या काळच्या माणसांना याहून निराळे सुचणे शक्यच नव्हते, असा त्याचा अर्थ. हे उत्तर असत्य आहे आणि ते असत्य ठरवणारा साक्षीदार आमच्याच ख्रिस्तसभेतला आहे.

पावेल व्लोद्कोविच हे पोलंडमधील उमराव घराण्यातले धर्मगुरू. पादुआ येथे कायद्याचे अध्ययन करून ते क्राकोव्ह विद्यापीठाचे कुलगुरू झाले. राजा यागिएलो याने त्यांना आपला वकील म्हणून कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत (१४१४–१४१८) धाडले. वाद होता ट्यूटॉनिक सरदारांच्या संघाशी. क्रूसाची खूण अंगावर मिरवणारा हा संघ धर्मप्रसाराच्या नावाखाली बाल्टिक किनाऱ्यावरील लोकांचे प्रदेश बळकावीत होता. १४१० साली ग्रुनवाल्डच्या रणांगणावर त्याचा पराभव झाला होता. आता लढाई विचारांची होती.

१४१६ साली व्लोद्कोविच यांनी परिषदेपुढे प्रबंध मांडला. ख्रिस्ती नसलेल्यांनाही आपली भूमी, मालमत्ता आणि राज्य यांवर न्याय्य हक्क आहे. ते शांततेने राहत असतील तर त्यांच्यावर चाल करून जाणे अन्याय आहे. आणि श्रद्धा बळाने लादता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. सालामांकाच्या व्हितोरियांनी अमेरिकेतील मूलनिवासींची बाजू मांडली ती १५३९ साली, म्हणजे सव्वाशे वर्षांनी. गोव्याचे इन्क्विझिशन त्याहूनही नंतरचे.

व्लोद्कोविच आपल्या राजाचे वकीलपत्र घेऊन बोलत होते, असा आक्षेप येईल. तो आम्हांस मान्य आहे. परंतु वकील स्वार्थाने बोलला म्हणून सत्याचे असत्य होत नाही. शिवाय त्यांचा आधार नवा नव्हता. अन्यधर्मीयांनाही राज्याचा अधिकार आहे, असे पोप इनोसंट चौथे यांनी तेराव्या शतकातच म्हटले होते.

मग त्या परिषदेने काय केले? यान हुस याला १४१५ साली पाखंडी ठरवले आणि तो जिवंत जाळला गेला. उलट, पोलिश लोकांना व त्यांच्या राजाला ठार मारणे पुण्यकर्म आहे, असे लिहिणाऱ्या योहान फाल्केनबर्ग या धर्मगुरूचा ग्रंथ पाखंडी ठरवावा, ही पोलंडची मागणी पोप मार्टिन पाचवे यांनी मान्य केली नाही.

तेव्हा दोष काळाचा नव्हता. सत्य सांगितले गेले होते, भर सभेत सांगितले गेले होते. ते ऐकून बाजूला ठेवण्यात आले. धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्वीकारला तो १९६५ साली. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ साली संयुक्त राष्ट्रांपुढे व्लोद्कोविच यांचे नाव आदराने घेतले. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांत मात्र ते आम्हांला ऐकू येत नाही.

बळाने कोणाला ख्रिस्ती करू नये, हे आम्ही आज देशबांधवांना शपथेवर सांगतो. ती शपथ त्यांना खरी वाटावी, असे वाटत असेल तर पूर्वजांच्या अन्यायावर काळाचे पांघरूण घालणे आम्ही प्रथम थांबवले पाहिजे.