संपणारा खेळ

मुलाच्या हातातून मोबाइल काढून घेतला की उत्तर ठरलेलं असतं, ‘अम्मी, गेम अजून संपला नाही!’ खरंच आहे. मोबाइलवरचे पुष्कळ गेम संपूच नयेत असे बनवलेले असतात.

जपानच्या निन्टेंडो कंपनीने नोव्हेंबर 2016 मध्ये आणलेला छोटा खोका याहून वेगळा होता. 1980च्या दशकातल्या आपल्याच व्हिडिओ गेम मशीनची ही तळहातावर मावणारी प्रतिकृती. आत मारिओसह 30 खेळ भरलेले. टीव्हीला वायर जोडायची आणि खेळायचं. इंटरनेट नाही, जाहिराती नाहीत, खेळता खेळता पैसे मागणं नाही. अमेरिकेत किंमत 60 डॉलर होती. दुकानांतला माल पटापट संपला आणि लोकांनी दुप्पट भाव मोजून तो इतरांकडून घेतला. 2017च्या दुसऱ्या खोक्यात 21 खेळ आणि दोन कंट्रोलर होते, म्हणजे भावंडांनी शेजारी बसून खेळायचं. 2018 मध्ये सोनीनेही 20 खेळांचा असाच खोका काढला. पण तो फारसा खपला नाही आणि महिनाभरात किंमत उतरवावी लागली. नुसत्या आठवणींवर माल विकला जात नाही.

असा खोका विकत घ्यायलाच हवा असं नाही. मोबाइलवर नवा गेम घेण्याआधी मुलांना तीन प्रश्न विचारा : हा संपतो का? मध्येच पैसे मागतो का? दोघांना मिळून खेळता येतो का? उत्तरं त्यांनाच शोधू द्या. पुढच्या वेळी ती स्वतःच विचार करतील.